संघमित्राची जाग

मुलुंडला एका कॉलेजसमोर जयंतीभाईंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथे पोरांची झुंबड उडते आणि काउंटरमागे एकटी संघमित्रा सगळ्यांना पुरून उरते. एका हाताने मशीनमध्ये कागद सारते, दुसऱ्या हाताने कुणाचं तरी विसरलेलं ओळखपत्र शोधून देते आणि तोंडाने तिसऱ्याला दटावते, “ए, मधे घुसू नको रे, आजी मघापासून उभ्या आहेत.” ही बाई पंचविशीपर्यंत धड कधी जागीच नव्हती असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण ते खरं आहे.

तिचं माहेर घाटकोपरला, टेकडीच्या उतारावर. वडील वाशिमकडून पोटासाठी मुंबईत आलेले, आई राधाबाई शिस्तीची. घरात सगळे भल्या पहाटे उठणारे आणि ही दिवसाढवळ्या कुठेही डोळे मिटणारी. जेवताना घास हातात तसाच राही. शाळेत बाईंनी शिक्षा म्हणून उभं केलं, तर ही उभ्याउभ्या झोपली आणि फळ्यावर कपाळ आपटून घेतलं. राधाबाईंनी सगळे उपाय करून पाहिले, बिनदुधाचा कडक चहा, डोळ्यांवर गार पाणी, पाठीत धपाटे. “रात्रभर दळण दळतेस का गं?” असं त्या वैतागून विचारायच्या. रात्री तर पोरगी सगळ्यांच्या आधी आडवी झालेली असायची. नातेवाइकांनी तिला आळशी ठरवून टाकलं, आणि वाईट म्हणजे तिलाही ते पटलं.

एका ठिकाणी मात्र तिला मान होता. रविवारी विहारात वंदना झाली की सगळे डोळे मिटून बसत. इतर पोरं चुळबुळत, एक डोळा उघडून शेजारी बघत. संघमित्रा ताठ आणि निश्चल. वस्तीतले भीमराजकाका तिच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगत, “हिच्याकडून शिका. ध्यान असं लागायला पाहिजे.” काकांचा हा गैरसमज तिने कधी दूर केला नाही. कौतुकाची तेवढीच एक जागा होती, ती कोण सोडणार?

बारावी कशीबशी पार पडली. पुढे कॉलेजच्या पहिल्याच परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला तिचा डोळा लागला, तो उत्तरपत्रिका गोळा करायला आलेल्या सरांनी हलवलं तेव्हा उघडला. त्यानंतर तिने कॉलेजची पायरी चढली नाही. लग्नात तर कमालच झाली. विधी आटोपला आणि पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. लग्नात एकदा माइक हातात आला की आपला पाहुणा तो सहजासहजी सोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या वक्त्यापर्यंत नवरी स्टेजवरच्या खुर्चीत गाढ झोपली होती. नवरदेवाने, म्हणजे किरणने, कोपराने ढोसलं तशी ती दचकून उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. भाषण अजून चालूच होतं.

किरण लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. संसार सुरू झाल्यावर एकदा दुधाचं पातेलं करपलं, एकदा इस्त्री शर्टावर तशीच राहून गेली आणि घरची माणसं कुजबुजायला लागली. किरण सगळ्यांसमोर म्हणाला, “लिफ्ट मधेच बंद पडली तर आम्ही तिला आळशी म्हणतो काय? बिघाड शोधतो. चल गं डॉक्टरकडे.” ह्या एका वाक्यासाठी त्या माणसाला सात खून माफ करावेत.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपवलं. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी, थोड्या थोड्या वेळाने, पुन्हा पुन्हा झोपायला सांगितलं. दर वेळी ती पडल्या पडल्या झोपली आणि झोपताच स्वप्नात शिरली. आयुष्यात पहिल्या वर्गात पास झालेली तिची ही एकमेव परीक्षा. आजाराचं नाव निघालं नार्कोलेप्सी. माणसाला जागं ठेवणारी मेंदूतली यंत्रणाच हिच्यात नीट चालत नाही, आळसाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. संघमित्रा तिथेच हमसून हमसून रडली.

गोळीचं नाव मोडाफिनिल. प्रयोगशाळेत जन्मलेलं रसायन. मेंदूतल्या जागेपणाच्या संदेशांना ते जोर देतं. आजार बरा करत नाही, झोपेची गरज मिटवत नाही, फक्त दिवस हाती देतं. गोळी केव्हा घ्यायची, काय काय सांभाळायचं, हे डॉक्टरांनी सविस्तर सांगितलं. किरण तेवढ्यात फाइल आणायला बाहेर गेला होता. आणि डॉक्टर सांगत असताना संघमित्राला डुलकी लागली. तिने मान हलवली ती समजून नव्हे, पेंगून. ह्या डुलकीने पुढे घोळ केला.

गोळी सुरू झाली त्या दिवशी संघमित्राने पहिल्यांदा दुपार पाहिली. आख्खी दुपार. खिडकीच्या गजांची सावली लादीवरून भिंतीवर कशी चढते, भंगारवाला कुठल्या सुरात ओरडतो, समोरच्या बाई वाळत घातलेले पापड किती वेळा उलटतात, सगळं ती डोळे फाडून बघत बसली. संध्याकाळी किरणने कामावरची एक गोष्ट सांगायला घेतली, ती तिने शेवटपर्यंत ऐकली. किरण सांगतासांगता थांबला आणि म्हणाला, “तू ऐकतेयस!” त्याचे डोळे भरून आले होते. तिला मात्र राग आला होता, इतकी वर्षं फुकट गेल्याचा. तो राग बरेच दिवस टिकला.

फुकट काही मिळत नाही, ही गोळीही नाही. सुरुवातीला कपाळ ठणकायचं. तोंडाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटायची. भूक मेली, ताटातली भाकरी तशीच राहायची. छाती धडधडायची. एकदा सकाळची गोळी विसरली म्हणून दुपारी घेतली, तर रात्रभर टक्क जागी. हळूहळू अंगाने जुळवून घेतलं. तिने घड्याळ लावून पाणी प्यायची आणि भूक नसली तरी जेवायची सवय केली. लोकांना ह्यातलं काही दिसत नव्हतं, त्यांना फक्त गोळी दिसत होती. शेजारचा राजेश, स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेला, कुठेतरी वाचून आला की ही हुशारीची गोळी आहे, परदेशात पोरं खाऊन अभ्यास करतात. “संघमित्रा, एक स्ट्रिप दे ना यार. डोकं झकास चालतं म्हणे.”

“मी हुशार नाही झाले रे, जागी झाले,” ती म्हणाली. “तू तर जागाच आहेस. ह्याच्यावर अजून काय पाहिजे तुला?” राजेश रुसला तो महिनाभर बोलला नाही. तिने स्ट्रिप काही दिली नाही.

जयंतीभाईंकडे ती लागली ती गोळीनंतरच. देवेश तोडणकर तिला तिथे भेटला. वय एकतीस, मूळचा मालवणकडचा, राहायला कांजूरमार्गला. चोविसाव्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्याची दृष्टी गेली आणि बीए अर्ध्यावर राहिलं, ते तो आता पुरं करत होता. एका कचेरीत तो कंत्राटावर टेलिफोन ऑपरेटर होता. त्या वर्षी पदवी हाती आली तर कायम, नाहीतर घरी. अंध विद्यार्थ्याला पेपर लिहायला लेखनिक मिळतो, पण लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. बारावीवर थांबलेली संघमित्रा ह्या नियमात चपखल बसली.

“लिहिशील काय?” त्याने काउंटरवर हात टेकून सरळ विचारलं. “आधीच्या लेखनिकाने माझी उत्तरं सुधारली गं. एवढी सुधारली की केटी लागली, पेपर परत द्यावा लागला.”

संघमित्राने काहीच सुधारलं नाही. तो बोलेल ते आणि तेवढंच लिहिलं. कळलं नाही तर बेधडक म्हणायची, “पुन्हा बोल.” जन्मभर अर्धंमुर्धं ऐकत आलेल्या बाईला पुन्हा विचारायची लाज कसली? देवेशला हेच आवडलं. एक सत्र दोघांनी मिळून झोकात काढलं. राहिला शेवटच्या सत्रातला एकच पेपर.

आणि तेव्हा डुलकीचा घोळ बाहेर आला. संघमित्राला दिवस गेले. ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती, मग हे कसं? डॉक्टर म्हणाले, “पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. मोडाफिनिलने त्या गोळ्यांचा असर कमी होतो.” संघमित्राने किरणकडे बघितलं, किरणने तिच्याकडे, आणि त्या अवघड प्रसंगी दोघांना हसू फुटलं. पण पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. बाळाला धोका नको म्हणून गोळी बंद करायची. आजपासून.

तिने एका शब्दाने हुज्जत घातली नाही. गोळी सोडली आणि दिवस पुन्हा तिच्या हातून निसटले. ज्याने कधी उजेड पाहिला नाही त्याचं वेगळं असतं. पाहून परत अंधारात जायचं म्हणजे काय, ते तिला विचारा. दुकानातून तिने सुट्टी घेतली. कारण बाळाचं सांगितलं, झोपेचं नाव काढलं नाही. दुकानात ती कुणालाच सांगत नसे. पुन्हा कुणाच्या तोंडून आळशी हा शब्द ऐकायची तिची तयारी नव्हती. तिला पाचवा महिना लागला तेव्हा देवेशचा शेवटचा पेपर, राज्यशास्त्राचा, तोंडावर आला होता. त्याला मात्र सांगणं भाग होतं. ती कांजूरमार्गला गेली आणि आजारासकट सगळं सांगून म्हणाली, “दुसरा माणूस बघ. अजून वेळ आहे.”

देवेश म्हणाला, “दुसरा परत सुधारून ठेवेल. आधी एक उत्तर लिहून बघू. पेन थांबलं की मला ऐकू येतं, मी बाकावर टकटक करीन. तू जागी होशील.”

बेत चांगला होता. त्याने सांगितलं, तिने लिहिलं, पेन एकदाही थांबलं नाही. दोघं खूश. मग देवेशच्या आईने, सुगंधाबाईंनी, कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली, “राज्यघटनेने नागरिकांना मूलभूत हक्क दोन बादल्या भरून ठेव...” त्या थबकल्या. “अगो, ह्यां काय लिवलंस?” पुढच्या ओळीत तर अक्षरंच नव्हती, गांडुळासारखी वळवळत गेलेली रेषा होती.

संघमित्रा शरमेने लाल झाली. “शाळेपासून असंच होतं माझं. हात चालू राहतो, मी नसते. वाट लागेल तुझी देवेश. मला सोड.”

देवेशने मघाचा आवाज आठवून पाहिला. मग म्हणाला, “मधेच आवाज बदलला होता. तू शब्द लिहितेस आणि मग वर रेघ ओढतेस ना? दर शब्दाला एक लांब खर्र येतो. मधे तो यायचा बंद झाला, नुसतंच खुडखुड चाललं होतं. मला वाटलं, दमलीस.” त्याने तिला पुन्हा लिहायला बसवलं. ह्या वेळी तो पेन चालतंय का हे ऐकत नव्हता, वरच्या रेघेकडे कान लावून होता. रेघ चुकली की टकटक. ती दचकून जागी व्हायची, शेवटचा शब्द वाचायची, पुढे चालू. दोनच आठवड्यांत दोघांचा हात असा बसला की सुगंधाबाईंना वाचताना कुठे अडखळावं लागेना.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. परीक्षेत परीक्षार्थीने लेखनिकाला टकटक करून खुणावलं, तर बघणाऱ्याला ते काय वाटेल?

पेपरला त्यांना तळमजल्यावरची वेगळी खोली दिली होती. सुपरवायझर होत्या वनमाला मॅडम, निवृत्तीला आलेल्या, कडक म्हणून नावाजलेल्या. तीन तासांचा पेपर, देवेशला तासामागे वीस मिनिटं जादा. पहिली दोन उत्तरं छान झाली. तिसऱ्याला उकाडा वाढला, पंखा संथ फिरत होता आणि संघमित्राचे डोळे मिटायला लागले. टकटक. थोड्या वेळाने पुन्हा टकटक. वनमाला मॅडम ताडकन उठल्या आणि त्यांनी तिच्या हाताखालून उत्तरपत्रिका काढून घेतली.

“ही टकटक कसली? खुणा चालल्यात? पेपर थांबवा. मी रिपोर्ट करणार.”

देवेशचा चेहरा पांढराफटक पडला. कॉपीचा रिपोर्ट म्हणजे पेपर गेला, वर्ष गेलं, नोकरी गेली. तो काही बोलायच्या आत संघमित्रा उभी राहिली.

“मॅडम, त्याची काही चूक नाही. तो मला उठवतोय. मला झोपेचा आजार आहे. गोळी घेतली की ठीक असते, पण मी पोटुशी आहे, गोळी बंद आहे.”

वनमाला मॅडम म्हणाल्या, “झोप कुणाला येत नाही?”

हे वाक्य तिने जन्मभर ऐकलं होतं आणि दर वेळी मान खाली घातली होती. आज तिने घातली नाही. “हातातला कागद बघा, मॅडम,” ती म्हणाली. “शेवटून तिसरी ओळ. कॉपी करणारा असं लिहील का?”

मॅडमनी चष्मा वर सरकवून पाहिलं. सुबक, रेघ ओढलेले शब्द चालत आले होते, मग त्यांच्या डोक्यावरची रेघ गेली, मग अक्षरं लोळली आणि घरंगळत समासापर्यंत गेली. पुढे दोन आडव्या रेघांनी ते सगळं खोडून पुन्हा सुबक सुरू. मॅडम बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. संघमित्राकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं.

“बरं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण टकटक मी चालू देऊ शकत नाही. बाहेरून कुणी ऐकलं तर मलाच जाब विचारतील.”

“मग ती पुढचं लिहूच शकणार नाही,” देवेश म्हणाला. “मॅडम, माझा जादा वेळ आहे ना? तासामागे वीस मिनिटं?”

“आहे. तो तुमच्या अडचणीसाठी आहे.”

“त्यातली वीस मिनिटं हिला झोपू द्या. थोडी झोप मिळाली की ही बराच वेळ ताजी असते, मी बघितलंय. आता माझी अडचण हीच आहे.”

“नियमात हे कुठे बसत नाही.”

“बसत नाही असं तरी कुठे लिहिलंय? वेळ माझाच आहे ना मॅडम, मग मी तो कसाही घालवीन.”

संघमित्रा कळवळून म्हणाली, “नको रे देवेश, हे धरून दोन उत्तरं राहिलीत. तुला पुरणार नाही.”

“गप गं,” देवेश म्हणाला. “झोप तू.”

वनमाला मॅडमनी घड्याळ पाहिलं, उत्तरपत्रिका बाकावर परत ठेवली आणि स्वतःची खुर्ची त्या दोघांच्या मधे ओढून बसल्या. “डोकं ठेव बाकावर,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही, तोंडातून ब्र काढायचा नाही.” देवेशने हाताची घडी घातली आणि ओठ मिटले. संघमित्राने दंडावर डोकं टेकवलं आणि ती लगेच झोपली.

मॅडमनी खांद्याला हात लावला तेव्हा ती स्वच्छ जागी झाली. देवेश तसाच ताठ बसला होता. एवढ्या वेळात त्याने दोन्ही उत्तरं डोक्यात रचून ठेवली होती, कारण मॅडमनी हो म्हणताच तो न अडखळता, न थांबता बोलत सुटला. ती लिहीत गेली. मान मोडून आली, बोटं वळली, पोटातलं बाळ लाथा मारायला लागलं, पण ती लिहीत गेली. शेवटच्या उत्तराचे दोन मुद्दे राहिले तेव्हा घंटा झाली. त्यावाचून काही अडलं नाही. देवेश पास झाला, फार वर नाही, पण चांगला पास झाला, आणि त्या वर्षी कायमही झाला. ते सगळं पुढचं. त्या दिवशी ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

वनमाला मॅडम उत्तरपत्रिका घेऊन गेल्या आणि खोलीत दोघंच उरली. संघमित्रा पेनाला टोपण लावत होती, पण टोपण बसेना. तिला रडू आवरत नव्हतं. देवेशने ते ऐकलं.

“रडतेस काय? दोन मुद्द्यांनी मी नापास होत नाही.”

“त्याच्यासाठी नाही रे.” तिने पदराने डोळे पुसले. “आजवर सगळे मला ऊठ म्हणाले. आईसुद्धा, किरणसुद्धा. तपासायला नाही, नुसतं झोप असं आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.”

देवेशने घडीची काठी उलगडली, दुसरा हात पुढे करून तिचा दंड शोधला आणि धरला.

“चल,” तो म्हणाला. “पायऱ्या आल्या की सांग.”